पत आणि शील

१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. आजचे दप्तर जाळण्याजोगे नाही. सिबिलच्या नोंदींत ऋणकोची पत ३०० ते ९०० या आकड्यांत मांडलेली असते. घरासाठी कर्ज देणारी बँक तो आकडा पाहते, हे ठीकच. परंतु २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने, अशा प्रतिकूल नोंदींवरून एका उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय उचलून धरला. परक्याचा पैसा हाताळणाऱ्याचा स्वतःचा व्यवहार चोख असावा, हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो खरा. पण हप्ता थकला म्हणून नोकरीच मिळाली नाही, तर त्या मनुष्याने ऋण फेडावे तरी कशाने?

मढचा कोळीवाडा घ्या. दर वर्षी जून-जुलैत यांत्रिक होड्यांना समुद्र बंद, आणि तोही सरकारी आज्ञेने. हप्ता त्या महिन्यांत चुकला, तर नोंदीत विलंब तेवढा उरतो, कारण उरत नाही. जुना सावकार लोभी असेल. पण किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी त्याला निदान डोळ्यांनी दिसत असे. दप्तरात कारणाचा रकाना असावा, आणि नेमणूक करणाऱ्याने तो वाचल्यावाचून निकाल देऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.