प्रदक्षिणा घरातच, पण पायांनी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



२०२० साली रविवारी, ५ जुलैला गुरुपौर्णिमा होती. आणि नेमका त्याच दिवसापासून आपल्या कर्नाटकात दर रविवारी पूर्ण लॉकडाऊन होता. म्हणजे त्या वर्षी गाणगापूर नव्हतं, संगमाचं स्नान नव्हतं, दुपारची माधुकरी नव्हती. बीदर, हुमनाबाद, बसवकल्याण, अफजलपूर, सगळीकडून फोन येत होते, "आता कसं करायचं हो?" अहो, ३० जूनला माउलींच्या पादुकासुद्धा एसटीत बसून पंढरपूरला गेल्या, तिथं आपली काय कथा!

पण आज बोलायचंय ते वेगळं. आधी एक कबुली. एप्रिलमध्ये याच ग्रुपवर आम्ही ज्येष्ठांना कळवलं होतं की घराबाहेर पडू नका, आणि एका आसनावर बसून जप वाढवा. तेव्हा सगळेच भ्यालेले होतो. देशातला या रोगाचा पहिला मृत्यू आपल्या कलबुर्गीतला, १० मार्चचा, ७६ वर्षांच्या गृहस्थांचा. त्यामुळे बाहेर पडू नका हे तेव्हा बरोबरच होतं. ६५ च्या पुढच्यांना तेव्हा सरकारही तेच सांगत होतं. बसून राहा म्हणालो, ते मात्र आमचं चुकलं.

भालकी तालुक्यातले आमच्या मंडळातले एक काका. सत्तरी कधीच ओलांडलेली. दर पौर्णिमेला गाणगापूर गाठायचे आणि मंदिर ते संगम हे तीनेक किलोमीटर चालतच जायचे, रिक्षाचं नाव काढायचं नाही. त्यांनी आमचा शब्द तंतोतंत पाळला. अडीच महिने ओसरीवरची खुर्ची आणि हातात माळ. जूनच्या सुरुवातीला न्हाणीत पाय सरकला. हाड वाचलं, गुरुकृपा. सूनबाई फोनवर म्हणाली, "जप लय झाला मामांचा, पण आता धरल्याबिगर उठंनात." आमच्याकडं उत्तर नव्हतं.

नंतर एका डॉक्टर गुरुबंधूंना विचारलं. त्यांनी अमेरिकेतला २००७ सालचा एक प्रयोग सांगितला. सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तर पायांचं जवळजवळ १ किलो मांस उतरलं. दहा दिवसांत! आमच्या काकांचे तर अडीच महिने झाले होते.

आता श्रीगुरुचरित्रातली अष्टतीर्थांची कथा आठवा. दिवाळीची पर्वणी होती, प्रयाग-काशी-गयेच्या यात्रेची गोष्ट निघाली. एवढ्या लांब जायचं म्हणून शिष्य तयारीचं बोलू लागले. महाराजांनी काय केलं? काशी इथंच आहे म्हणून त्यांना मठात बसवून ठेवलं नाही. षट्कुळापासून मन्मथ तीर्थापर्यंत, भीमा-अमरजेच्या काठानं आणि गावाभोवती, एकेका तीर्थावर स्वतः घेऊन गेले, स्नानं करायला लावली. तीर्थं जवळ आणली, चालणं माफ केलं नाही. आणि आपली श्रद्धा तरी काय आहे? महाराज आजही सकाळी संगमावर स्नानाला जातात, दुपारी गावात माधुकरी मागतात. ज्यांचे गुरू रोज चालतात, त्यांच्या शिष्यांनी खुर्ची धरून कसं चालेल?

म्हणून तुळशीवृंदावन हाच आपला औदुंबर. दहा मिनिटं प्रदक्षिणा, मग विसावा, संध्याकाळी परत दहा मिनिटं. जमेल तसं वाढवा. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला १५० मिनिटं सांगते, ती अशीच भरतात. अंगण नसेल तर ओसरी ते देवघर. पावसानं फरशीवर शेवाळ धरलं असेल तर घरातच फिरा, आणि कठडा नसलेल्या माळवदावर नाहीच नाही. आरतीच्या आधी खुर्चीवरून उठणं-बसणं, दहा वेळा, प्रत्येक वेळी एक नाम. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, तोल जात असेल तर घरचं कुणी शेजारी उभं राहू दे. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली की लगेच थांबा आणि घरच्यांना सांगा. ताप-खोकला असेल तर प्रदक्षिणा नको, डॉक्टरांना फोन करा. पौर्णिमेचा उपवास म्हणून बीपी-शुगरची गोळी चुकवू नये, आणि शुगरवाल्यांनी उपाशीपोटी फेऱ्या मारू नयेत. महाराज रागवायचे नाहीत.

हे सगळं जास्त करून पुरुषमंडळींसाठी, बरं का. घरातल्या काकू-आजींचं झाडणं, भांडी, भाकरी थापणं लॉकडाऊनमध्ये एक दिवस थांबलेलं नाही, उलट सगळे घरी असल्यानं वाढलंच. त्यांना फेऱ्या सांगण्याआधी त्यांच्या हातातला झाडू काकांनी घ्यावा. तीही सेवाच.

भालकीच्या काकांनी पंधरा दिवसांपूर्वी सुरुवात केली, सुनेचा हात धरून, एका प्रदक्षिणेपासून. काल पाच झाल्या. मोजणी सूनबाईकडं ठेवलीय. काका मोजायला लागले की एखादी जास्तीच धरतात, असं तिचं म्हणणं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥