सब्र आणि मौन

नांदेड-लातूरच्या वसतिगृहांत रात्रीचा एक फोन ठरलेला असतो. कंधारहून, देगलूरहून, औशाहून अम्मी विचारते, "बेटा, पढाई कैसी चल रई?" "अच्छी चल रई, अम्मी." फोन ठेवून मुलगा छताकडे बघत पडतो. तो खोटे बोलला. पण खरे बोलायचे तर अब्बांनी फीसाठी काढलेले कर्ज डोळ्यांपुढे येते. लातूर पॅटर्नने आपल्या भागाला डॉक्टर, इंजिनिअर दिले हे खरेच. मागे राहिलेल्यांचे फोटो मात्र कुठल्याच फलकावर लागत नाहीत.

अशा मुलाला आपण काय सांगतो? सब्र कर, नमाज पढ, नाउमेदी गुनाह आहे. सांगणारे मायेनेच सांगतात. त्याला मात्र ऐकू येते ते असे: माझे मन बुडते आहे, म्हणजे माझे ईमानच कच्चे. दुःखावर अपराधाचे ओझे चढते, तो अधिक गप्प होतो, आणि त्या गप्प होण्यालाच आपण सब्र समजतो.

कुरआनात हजरत मूसांना फिरऔनकडे जाण्याचा हुकूम होतो, तेव्हा छाती दाटते, जीभ चालत नाही असे ते सांगतात आणि भाऊ हारूनची सोबत मागतात. पैगंबराला माणसाची सोबत मागताना संकोच वाटला नाही, आणि ती मिळालीही. कोणी म्हणेल, हजरत याकूबांनी गाऱ्हाणे फक्त अल्लाहपुढे मांडले. बरोबर. पण यूसुफसाठी झुरून त्यांचे डोळे पांढरे झाले, हेही तिथेच आहे. शिवाय ताप आल्यावर डॉक्टरकडे जाणे ही अल्लाहविरुद्ध तक्रार आहे, असे आपण कुठे मानतो? अबू जैद अल्-बल्खी या विद्वानाने तर अकराशे वर्षांपूर्वी शरीर आणि मन दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले.

कायदाही बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जिवावर उदार झालेल्याला गुन्हेगार नव्हे, तीव्र तणावाखालचा माणूस मानले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर मोफत बोलता येते.

अवघड प्रश्न पुढचा आहे. मुलाने समुपदेशकाला सांगितलेले घरी कळवावे का? आईबापांचा हक्क मी नाकारत नाही. जिवाला धोका असेल तर कळवलेच पाहिजे. एरवी मुलाच्या इजाजतीशिवाय नाही. बात फुटते म्हटल्यावर दुसरा कोणी त्या दारात जाणार नाही. आणि तिथे बसणाऱ्याला आपली बोली कळावी. आपली मुले नैराश्य म्हणत नाहीत, 'दिल घबराता' म्हणतात.

अम्मीलाही पढाईच्या आधी एवढेच विचारता येईल, "जी लगता क्या रे तेरा?" आणि उत्तर येईपर्यंत थांबता येईल.