भरलेला हात

आजचं वाचन : भागवत, दहावा स्कंध, अध्याय 13.

यमुनेकाठी गोपाळांची पंगत बसलीये. कृष्णाच्या डाव्या हातात दहीभाताचा घास, बोटांत फळं. साक्षात यज्ञाचा भोक्ता, आणि जेवण असं! पुढे ब्रह्मदेवाने चारही मुकुट टेकवले, तेही हातात घास तसाच धरून वासरं शोधणाऱ्या या पोरापुढेच.

काल लेकीने वरणभात केसांना, भिंतीला फासला. मी ओरडलो. तिने हात मागे घेतला, मग तोंडच उघडेना. रात्री हा अध्याय वाचताना लाज वाटली हो.

आज जुनी चादर अंथरली, वाटीत थोडाच भात वाढला आणि शेजारी मांडी घालून बसलो. निम्मा भात चादरीवर गेला. मग चिकट बोटांनी तिने एक शीत माझ्या तोंडाशी धरलं.