कामासाठी आलेला माणूस



नोकरीत बदली झाली की आपण आधी चौकशी करतो: घर कसे आहे, पाणी येते का, मुलांची शाळा जवळ आहे का, रविवारची मिस्सा कुठे मिळेल? यात गैर काहीच नाही. केवळ पगारावर जगणे सुखाचे होत नाही.

मग हेच प्रश्न ऊसतोड मजुराने विचारले तर? आपल्या पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाचा हंगाम आला की तोडीच्या टोळ्या येतात, शेताकडेला झोपड्या उभ्या राहतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको दोघे फडात राबतात. हिशेबात मात्र दोघे मिळून ‘एक कोयता’! दोन जिवांना एका अवजाराचे नाव.

‘घरी उपाशी राहण्यापेक्षा बरे,’ असे आपण म्हणतो. पण उपासमारीपेक्षा बरे म्हणजे माणसाला पुरेसे नव्हे. परमुलखातून कामाला आलेल्याला हक्कांत कमी लेखू नये, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झरसेन्स’ या विश्वपत्रात शिकवले. परक्या रूथला बवाजाने कणसे तर वेचू दिलीच; शिवाय पाणी, संरक्षण आणि जेवताना आपल्यात जागाही दिली.

आपण काय करू शकतो? त्यांचे नाव विचारू या. पाण्याची सोय पाहू या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्यांच्या लेकरांनाही शाळेचा हक्क दिला आहे. त्यांना वर्गापर्यंत पोचवू या.

परका म्हणून आलेल्यात प्रभू येशूला ओळखण्याची कृपा आपणांस लाभो.