मोजदाद आणि न्याय

युद्धाविषयीचा अनुबोधपट पाहून झाला की अलीकडे एक प्रश्न हटकून विचारला जातो : यात स्त्रिया किती बोलल्या? दलित किती, मुसलमान किती, खेड्यांतले किती? काहींना ही मोजदाद क्षुद्र वाटते. कलाकृती म्हणजे काय शिरगणतीचा तक्ता आहे, असे ते विचारतात. परंतु युद्धाची झळ सर्व थरांतील माणसांना लागते आणि युद्धाविषयी बोलण्याचा मान मात्र मोजक्यांनाच मिळतो. म्हणून या प्रश्नाचा नैतिक अंगाने विचार करणे अगत्याचे आहे.

आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’ (२००२) हा अनुबोधपट उदाहरणादाखल घेऊ. मे १९९८ मध्ये भारताने आणि पाठोपाठ पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या. त्या पार्श्वभूमीवर हा चित्रपट भारत, पाकिस्तान, जपान व अमेरिका या देशांत फिरतो. पोखरण परिसरातील ग्रामस्थ, अणुबॉम्बवर वादविवाद करणाऱ्या लाहोरच्या शाळकरी मुली, जपानमधील अणुहल्ल्याचा दाह सोसलेली माणसे त्यात बोलतात. परीक्षण मंडळाने अनेक काटछाटी सुचवल्या; त्यांत बुद्धाचा उल्लेख असलेले एका दलित नेत्याचे भाषणही होते. पोखरणची पहिली चाचणी ११ मे रोजी, बुद्धपौर्णिमेला झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भाषणाचे मोल कळते. अखेर २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे चित्रपटाला काटछाटीविना मार्ग मिळाला. तात्पर्य, माणूस पडद्यावरून केवळ विस्मरणाने नाहीसा होत नाही, कात्रीनेही होतो. मोजदाद करणारा क्षुद्र नसतो, हे यावरून पटावे.

तथापि मोजदाद म्हणजे न्याय नव्हे. शोभेपुरते चेहरे गोळा करूनही हिशेब जुळवता येतो. एखाद्या स्त्रीला केवळ ‘स्त्रियांची प्रतिनिधी’ म्हणून बसवले की तिचे स्वतःचे दुःख तिच्यापासून हिरावले जाते. माझ्या मते खरी कसोटी निराळी आहे : दिग्दर्शकाच्या मताला धक्का देईल अशा साक्षीला चित्रपटात जागा आहे काय? लाहोरच्या त्या मुली ‘शत्रू’ या शब्दाला चेहरा देतात, हे या चित्रपटाचे मोठे यश. उलट चाचण्यांचे स्वागत करणारे आपले देशबांधव बहुतांशी जल्लोषातच दिसतात. त्यांच्या मनातली भीती आपल्याला फारशी उमगत नाही. चित्रपटाने त्यांची बाजू घ्यावी असे नाही. पण ज्याचे म्हणणे खोडावयाचे, त्याला आधी माणूस म्हणून ऐकावे लागते.

हाच निकष आपल्या सातारा-सांगलीला लावून पाहावा. पटवर्धनांचे काका अच्युतराव हे बेचाळीसच्या भूमिगत चळवळीचे नेते. त्यांचे नाव साताऱ्याच्या प्रतिसरकाराशीही जोडले जाते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील ते सरकार १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात चालले. आजचा सांगली जिल्हा त्यातच होता. नानांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर मार खाणाऱ्या बायकोचे सोंग घेतले आणि पोलीस तिकडे गुंतले असता साथीदारांनी आतली शस्त्रे पळवली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवणारे कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड आपण लूट केली हे मान्य करीत नसत; जनतेचाच पैसा परत आणला, असे ते सांगत. या दोघांच्या आठवणी पी. साईनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रित केल्या, हे फार मोलाचे काम झाले. हौसाताई २०२१ मध्ये आणि भाऊ २०२२ मध्ये निवर्तले.

मात्र त्या लढ्याचा संपूर्ण अनुबोधपट करावयाचा तर आणखी काही उंबरे चढावे लागतील. त्याच वर्षांत याच मुलखातील अनेक मुलगे मराठा पलटणींतून ब्रिटिशांच्या बाजूने इटलीत लढत होते. त्यांच्या आयांना काय वाटत असेल? प्रतिसरकाराने ज्यांच्या तळपायांवर फटके मारले, त्यांच्या घरांत कोणती आठवण उरली? हे विचारल्याने लढ्याची न्याय्यता उणावत नाही. न्याय्य लढ्याला सत्याची भीती नसते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये संपर्कमाध्यमांविषयी जो आदेश प्रसृत केला, त्यात माहिती सत्य असावी आणि न्याय व प्रीती राखून संपूर्णही असावी, अशी अपेक्षा आहे. ‘सत्य’ आणि ‘संपूर्ण’ या दोन निराळ्या अटी आहेत. पडद्यावरचा प्रत्येक शब्द खरा असूनही चित्र अपुरे राहू शकते.

प्रभू येशूच्या दाखल्यातील मेंढपाळाला एक मेंढरू हरवल्याचे कळले, ते आपली मेंढरे किती हे त्याला ठाऊक होते म्हणून. तो संख्येपाशी थांबला नाही, शोधायला निघाला. दूरदर्शन संचासमोर बसणाऱ्या आपल्या कुटुंबांनीही तसेच करावे. चित्रपट संपल्यावर मुलांना विचारावे : यात कोण दिसले नाही? आणि त्याच्या जागी आपण असतो, तर काय सांगितले असते?