बसणाऱ्यांचा शब्द

इंग्रजीत ‘असिड्युअसली’ नावाचे एक क्रियाविशेषण आहे. बोलण्यात ते फारसे कोणी वापरत नाही. शब्दकोश त्याचा अर्थ चिकाटीने, नेटाने, सातत्याने असा देतात, त्यामुळे ते प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यात शोभून दिसेल असे वाटते. छापील इंग्रजीत मात्र ते कोणाच्या संगतीत सापडते ते पाहावे. मंत्री एखादा प्रश्न असिड्युअसली टाळतात. उद्योगपती दरबारी ओळखी असिड्युअसली जोपासतात. कोणी स्वतःची प्रतिमा, कोणी एखाद्या धनाढ्य मावशीची मर्जी. नांगर धरणारा, धुणे बडवणारी, विटा रचणारा गवंडी यांच्या वाट्याला हे क्रियाविशेषण क्वचितच येते. त्यांच्यासाठी ‘हार्ड’ हा दोन आण्यांचा शब्द पुरेसा मानला जातो. चिकाटीची ही विभागणी अपघाताने झालेली नाही, असे मला वाटते. तिचा माग शब्दाच्या पूर्वजांपर्यंत जातो.

लॅटिन ‘अद्’ म्हणजे जवळ आणि ‘सेदेरे’ म्हणजे बसणे. जवळ बसून राहतो तो असिदुउस. उठत नाही, हलत नाही, म्हणून सातत्याचा. हाच ‘सेद’ आपल्याकडे ‘सद्’ धातू म्हणून नांदतो. सदन, सभासद, संसद, परिषद ही सगळी त्याचीच लेकरे. उपनिषद या शब्दाची घडण तर थेट त्या लॅटिन शब्दाची सख्खी बहीण शोभेल अशी आहे: उप, नि, सद्, म्हणजे जवळ खाली बसणे. शंकराचार्यांनी मात्र बसण्याचा अर्थ बाजूला ठेवला. धातुपाठात सद् धातूला शिथिल होणे, जाणे आणि खचणे असे तीन अर्थ दिले आहेत. त्यांवरून अविद्येची गाठ सैल करणारी, ती नष्ट करणारी विद्या ती उपनिषद, असे त्यांनी लावून दाखवले. आधुनिक भाषाशास्त्र बसण्याकडे झुकते. पण खचण्याचा अर्थ काही खोटा नाही. मन खाली बसले की विषाद होतो आणि पाण्यातला गाळ खाली बसून पाणी नितळले की प्रसाद. एकाच बसण्यातून अर्जुनाचा विषादही निघाला आणि देवळातला प्रसादही.

इंग्रजांबरोबर या कुळातले आणखी शब्द आपल्या घरात शिरले आणि आता ते मराठीच झाले आहेत. सेशन्स कोर्ट, मालमत्ता कराचे असेसमेंट, फ्लॅटचे पझेशन, खतावरची सबसिडी. असेसर म्हणजे मूळचा न्यायाधीशाशेजारी बसणारा सल्लागार. पुढे तो कराची आकारणी करू लागला. सबसिडी म्हणजे रोमन फळीच्या मागे राखीव बसवलेली तुकडी, वेळेला मदतीला येणारी. यादी पुन्हा वाचली तर कोर्ट, कर, मालकी आणि सरकारी मदत एवढेच हाती लागते. बसण्याच्या धातूने व्यवहारात शिरताना जमीनजुमल्याचा रस्ता धरला होता.

रोममध्ये हे उघडच होते. इ.स.पू. ४५१–४५० च्या बारा पाट्यांच्या कायद्यात असिदुउस हे चिकाटीचे विशेषण नव्हते, तो नागरिकाचा दर्जा होता. असिदुउस माणसाला जामीन राहायचा तर तो असिदुउसच हवा. प्रोलेतारिउसला वाटेल तो जामीन चालेल, असा नियम होता. असिदुउस म्हणजे मालमत्ता असलेला, कर भरणारा, लष्करात स्वतःच्या शस्त्रांनिशी उभा राहणारा. प्रोलेतारिउस म्हणजे ज्याच्याकडे राष्ट्राला देण्याजोगे फक्त ‘प्रोलेस’ आहे तो. प्रोलेस म्हणजे पोरेबाळे. मार्क्समुळे जगभर गेलेला सर्वहारा आणि इंग्रजी प्रगतिपुस्तकातला चिकाटीचा विद्यार्थी हे एकाच कलमातले दोन पक्षकार आहेत.

दुसऱ्या शतकातल्या आउलुस गेल्लिउस या रोमन लेखकाने या कलमाभोवती एक झकास प्रसंग लिहून ठेवला आहे. सुट्टीच्या दिवशी फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, काही मंडळी जमली आहेत आणि प्रोलेतारिउस म्हणजे काय असा प्रश्न निघतो. एक कायदेपंडित कानावर हात ठेवतो. जुन्यापान्या, रद्द झालेल्या शब्दांशी आपल्याला कर्तव्य नाही म्हणतो. शेवटी उत्तर देतो तो एक कवी. पंधराशे ‘आस’ नाण्यांहून जास्त मालमत्ता नसलेले ते प्रोलेतारी, आणि ३७५ पर्यंत घसरलेले ते ‘कापिते केन्सी’, म्हणजे नुसती डोकी मोजलेले, असा हिशेब तो सांगतो. असिदुउसची एक व्युत्पत्तीही तो या नाण्यांशी जोडतो: ‘आस’ देणारा, म्हणजे कर भरणारा. सिसेरोनेही आपल्या गुरूच्या हवाल्याने अशीच, पैसे देण्यावरून आलेली व्युत्पत्ती नोंदवली आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती चुकीची. पण समाजशास्त्र म्हणून बघाल तर तिला तोड नाही. हा शब्द बसण्यावरून आला हे या दोघांच्या डोळ्यांना दिसत नव्हते. त्यांना त्यात पैसा दिसत होता.

बसण्याचा अर्थही रोमच्या राजकारणात जिवंत होता. इ.स.पू. ६४ मध्ये सिसेरो कॉन्सुलपदाच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हाची एक पुस्तिका त्याच्या धाकट्या भावाच्या, क्विंतुसच्या नावावर आहे. ती त्यानेच लिहिली का, यावर विद्वान अजून भांडतात. लोकांना नावाने ओळखावे, गोड बोलावे आणि ‘असिदुइतास’ राखावी, असा तिच्यातला सल्ला. म्हणजे रोम सोडून जाऊ नये, फोरममध्ये रोज दिसावे, भेटावे, पुन्हा पुन्हा मत मागावे. आपल्याकडे ज्याला मतदारसंघ बांधणे म्हणतात तेच हे. लग्न, बारसे, दहावा, काहीही चुकवायचे नाही. हे करायला निष्ठा लागत असेल. त्याआधी दिवसभर फोरममध्ये घालवूनही घरची चूल पेटेल एवढी ऐपत लागते.

मग हा शब्द करदात्यांच्या यादीतून गुणांच्या यादीत कसा गेला? एक पायरी गेल्लिउसच्याच ग्रंथात सापडते. शब्दांची काही रूपे शुद्ध की अशुद्ध यावर फ्रोंतो नावाचा वक्ता बोलत असतो. तो म्हणतो, अमुक रूप एखाद्या ‘क्लासिकुस’ आणि ‘असिदुउस’ लेखकाने वापरले आहे का ते शोधा. प्रोलेतारिउस लेखकाचे उदाहरण नको. क्लासिकुस म्हणजे पहिल्या करवर्गातला. कर भरणाऱ्या माणसाची पत साहित्याला लावली गेली आणि युरोपाला ‘क्लासिक’ हा शब्द मिळाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला ज्या दर्जाचा मान मिळाला त्याचे इंग्रजी नाव इथून आले आहे. आपला ‘अभिजात’ म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. रोमनांनी साहित्याची प्रत करावरून ठरवली, आपण जन्मावरून. यात अधिक खानदानी कोण, हे मी ठरवू इच्छित नाही.

इंग्रजीत हे विशेषण सोळाव्या शतकात आले तेव्हा करवर्ग मागे पडला होता. उरले फक्त जवळ बसणे, तेही सभ्य माणसांचे. आजाऱ्याच्या उशाशी बसणे असिड्युअस, सरदाराच्या दिवाणखान्यात ताटकळणे असिड्युअस. अठराव्या शतकातल्या कादंबऱ्यांत एखादा तरुण एखाद्या कुमारिकेभोवती ‘असिड्युइटीज’ करतो, म्हणजे सतत हजेरी लावून तिची मर्जी राखतो. डॉ. जॉन्सनने १७५५ च्या कोशात या विशेषणाला एकाग्र, अखंड उद्योगाचा अर्थ दिला. पण टाळणे, जोपासणे, मर्जी राखणे ही आजची संगत त्या दिवाणखान्यातूनच आली आहे. ज्याला दुपारी दुसऱ्याच्या घरी बसता येते, त्याची ही चिकाटी.

या जागी हात राबवणाऱ्यांच्या क्रियाविशेषणाचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. आपल्या शाळांतून ‘ही वर्क्स हार्डली’ लिहिणाऱ्या पोरांच्या वह्या पिढ्यानपिढ्या लाल झाल्या आहेत. जुन्या इंग्रजीत हार्डलीचा अर्थ जोराने, नेटाने असाच होता. तिथून तो कष्टाने, मग मुश्किलीने, मग जेमतेम असा घसरत गेला आणि आज तर जवळजवळ नाहीच इथवर पोचला. घाम गाळणाऱ्याचा शब्द झिजून नकारापाशी आला. बसणाऱ्याचा शब्द मात्र जरीच्या पागोट्यासारखा जपला गेला. भाषेत न्याय असतोच असे नाही, पण इतके उघड उदाहरण क्वचित मिळते.

आपल्याकडे असा भेद नव्हता असे कोणी समजू नये. पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल दिला, त्यात दख्खनच्या गावातली कुळे दोन प्रकारची दाखवली आहेत: मिरासदार आणि उपरी. मिरासदार, ज्याला थळकरीही म्हणत, तो वंशपरंपरेने जमिनीवर बसलेला. सारा भरण्याची जबाबदारी त्याची आणि गावातला मानही त्याचा. उपरी बाहेरून आलेला, मुदतीने जमीन कसणारा. मिरासदार दुष्काळात किंवा कर्जापायी गाव सोडून परागंदा झाला तरी पुढे परतून आपली मिरास मागू शकत असे. उपरी जन्मभर तिथेच राबला तरी उपरीच. म्हणजे बसून कोण राहिले याला महत्त्व नव्हते. बसण्याचा हक्क कोणाचा, एवढाच प्रश्न होता. बारा पाट्यांच्या कायद्याला हे वाचून परके वाटले नसते. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले तेव्हा त्या शब्दात शेतीचा करार उरला नव्हता, नुसता हाकलण्याचा सूर उरला होता.

बसलेला तो सज्जन, हिंडणारा तो संशयित, या समजुतीला इंग्रजांनी कायद्याचे रूप दिले. त्यांच्या स्वतःच्या देशात १८२४ च्या भटकेपणाविरुद्धच्या कायद्याने निराधार भटक्यांची प्रतवारी केली होती. सगळ्यात सौम्य वर्गाचे नावच ‘आळशी व बेशिस्त’ होते. इथे १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, पुढे १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करता येऊ लागला. ज्या जमाती मीठ-धान्य बैलांवर लादून, टोपल्या विणून, कसरती करून गावोगाव पोटे भरत होत्या, त्यांतल्या कितीतरी जन्माने गुन्हेगार ठरल्या. हे लोक आळशी कसे? त्यांच्यातल्या लहान पोराच्या पायांनी तुडवलेली वाट कोणा कारकुनाने सात जन्मांत तुडवली नसती. सोलापुरात अशा कुटुंबांसाठी तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. हजेरी लावायची, परवानगीवाचून बाहेर पडायचे नाही, गिरणीत कामाला जायचे. त्या वस्तीला सोलापूरकर अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी ‘सेट्ल’वरून आला त्याचा अर्थ आसन, मूळ तेच, ‘सेद’. हिंडणाऱ्यांना जबरदस्तीने बसवायचे आणि त्याला सुधारणा म्हणायचे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. नाव राहिले.

तोच ‘सेटल’ आता मध्यमवर्गीय मराठीत फार लाडका झाला आहे. मुलगा सेटल झाला का, हा प्रश्न स्थळ बघताना पगाराच्याही आधी येतो. अर्थ तोच जुना: स्वतःचे छप्पर, पक्की नोकरी, कागदावर नाव. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत महिन्याच्या भाड्याने खुर्ची घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले ‘बैठक’ वाढवण्याच्या गोष्टी करतात. किती तास बैठक होते यावर त्यांच्यात एकमेकांचा आदर ठरतो. ती मुले खरोखर राबतात, त्यांची थट्टा करायची नाही. पण त्यांतल्या पुष्कळांच्या खुर्चीचे भाडे गावाकडे कोणीतरी उभ्याने, वाकून, उन्हात मिळवलेले असते, आणि निकाल लागल्यावर सत्काराच्या भाषणात चिकाटीचे कौतुक होते ते बैठकीच्या चिकाटीचे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची ऊसतोड कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजतात. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर, पोर पाचटात. पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंत हे चालते आणि फड संपला की पुढच्या फडावर. यांच्या पोरांच्या शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरी लागते. इंग्रजी शेऱ्यात लिहायचे झाले तर ‘असिड्युअस’च्या नेमके उलट. रोमन शिरगणती करणाऱ्याने यांची नोंद कुठल्या रकान्यात केली असती हे सांगायला नको. साखर कारखान्याचे मुकादम मात्र अजून कोयतेच मोजतात, डोकीसुद्धा नाहीत.