गाडीचा आस

कॅनबेराच्या उत्तरेला गुंगालिनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या टपालपेटीतही पन्नाशीला सरकारी पाकीट येतं. आत शौचाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेला पाठवायचं साधन असतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची ही राष्ट्रीय तपासणी २००६ साली सुरू झाली. ५० ते ७४ वयोगटाला हे साधन दर दोन वर्षांनी विनामूल्य मिळतं, आणि जुलै २०२४ पासून ४५ ते ४९ वयाच्यांनाही मागवता येतं. निम्म्याहून अधिक लोक ते परत पाठवतच नाहीत. आपल्याकडे त्यामागे आळस असतो, शौचाचा नमुना हाताळण्याचा विटाळ असतो, पण एक विचारही असतो: प्रारब्धात असेल ते टळत नाही, मग पाहायचं कशाला?

हा प्रश्न जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसऱ्या अध्यायात शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, आयुष्य ठरलेलं असतं की नाही? आत्रेय सांगतात की सगळंच ठरलेलं असतं, तर पिसाळलेल्या हत्तीपुढून कुणी बाजूला झालं नसतं आणि औषधही कुणी घेतलं नसतं. पुढे ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस झिजत झिजत आपल्या वेळी संपतो. तोच जादा भाराने, वाईट वाटेने, वंगण नसल्याने मधेच मोडतो. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्माची पाच कारणं सांगताना दैव पाचवं येतं. आधीची चार उरतातच. आतड्यातल्या गाठीचा कर्करोग व्हायला सहसा कित्येक वर्षं जातात. ती वर्षं म्हणजे आसाला पडलेली चीर दिसण्याचा काळ. तेव्हा न पाहणं ही श्रद्धा नव्हे, हयगय आहे.

‘आम्ही शाकाहारी, भारतात हा रोग कमी’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. कमी प्रमाणाच्या देशातून जास्त प्रमाणाच्या देशात गेलेल्यांचा धोका हळूहळू तिथल्यासारखा होतो, हे स्थलांतरितांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. त्याहून मोठी गोष्ट घराण्याची. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा रोग झाला असेल, तर धोका वाढतो. आपल्याला गोत्र आणि कुलदैवत तोंडपाठ असतं. आजोबा कशाने गेले, तर ‘पोटाच्या दुखण्याने’. रोगाचं नाव घेणं अशुभ मानून आपण पुढच्या पिढीपासून तिच्याच वारशाची माहिती लपवतो.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: निरोगी माणसाला तपासण्यांत गुंतवल्याने भीती आणि इजा वाढत नाही का? वाढू शकते. दुर्बिणीच्या तपासणीत क्वचित आतड्याला छिद्र पडतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत, दहा वर्षांत कर्करोगाचं प्रमाण न बोलावलेल्यांत १.२० टक्के, तर दुर्बिणीसाठी बोलावलेल्यांत ०.९८ टक्के होतं. मृत्यूंतला फरक निर्णायक नव्हता. अर्थात बोलावलेल्यांपैकी निम्मेही आले नव्हते. उलट शौचाच्या दर दोन वर्षांच्या तपासणीने इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या चाचणीत या रोगाचे मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी घटले. म्हणून सामान्य धोका असलेल्याने आधी पाकीट वापरावं, आणि नमुन्यात रक्त सापडलं तरच दुर्बीण. घराण्यात रोग असलेल्याने मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. शौचातून रक्त दिसत असेल, तर पाकिटाची वाटही पाहू नये. बहुतेकांना तपासणीचं फळ कधीच दिसणार नाही, हे खरं. पण ज्याला मिळेल तो कोण, हे आधी कुणालाच कळत नाही, आणि फळाची खात्री नसताना कर्तव्य करणं आपल्याला परकं नाही.

आज भावंडांना फोन करा. आजोबा कशाने गेले, ते विचारा, आणि मुलांना सांगा.